कान

सूरच्या ठाण्यात एसी बंद होता, पंखा तेवढा फिरत होता.
मुलाझिमच्या टेबलावर खजुराच्या बियांची बशी,
समोर धुराचा वास मारणारे आमचे शर्ट,
आणि मधे मी,
बावीस वर्षं लाकडाच्या वखारीत हिशेब लिहिणारा,
अरबी येते म्हणून दर वेळी पुढे ढकलला जाणारा.

कॅम्पचं स्वयंपाकघर पहाटे उडालं होतं.
आचारी भिवा पाष्टे, पालशेतचा,
खुबूसला कंटाळलेल्यांसाठी तांदळाची भाकरी थापणारा,
मनगटातल्या तांब्याच्या कड्यावरून ओळखू आला.

रात्री शेवटी आत कोण गेलं होतं, मुलाझिमने विचारलं.
मी तो प्रश्न मराठीत आणून ठेवला
उबेद बुरोंडकरच्या पुढ्यात.
हर्णैचा, एकोणीस वर्षांचा, मिशी अजून नीट न फुटलेला.
"मीच, चाचा. चहा केला. नॉब फिरवला की नाही आठवत नाही.
नाहीच फिरवला. सांगा त्यांना."

सांगा त्यांना.

मी म्हणालो, कान नायम.
कान म्हणजे त्यांच्यात 'होता'.
झोपला होता.
आपल्यात कान ऐकतो.
माझ्या दोन कानांनी ऐकलेलं
त्या एका कानात मी शिरू दिलं नाही.

मुलाझिमने उजवीकडून डावीकडे लिहून घेतलं.
उबेदने दोन्ही मनगटं जुळवून टेबलावर ठेवली.
मुलाझिम हसला,
त्याला वाटलं, पोरगं अजून झोपेतच आहे.
"यल्ला, जा."

जुन्या कादंबऱ्या मी पुष्कळ वाचल्यात,
मस्कतच्या मंडळाच्या कपाटातल्या, वाळवीने कडा खाल्लेल्या.
त्यांत दाराशी शिपाई येतात,
कुणी भला माणूस म्हणतो, इथे कोणी नाही,
शिपाई जातात,
पुढच्या प्रकरणात सकाळ होते
आणि माळ्यावरचा माणूस खाली येऊन दूध पितो.
त्या शिपायांनी मग कुणाचं दार ठोठावलं
ते कुठल्याच पानावर मला सापडलं नाही.

आमच्याकडे ते कागदावर आलं:
आचाऱ्याचा स्वतःचा हलगर्जीपणा. भरपाई निम्मी.
मेलेल्या माणसाला दुभाषी देत नाहीत.

उबेद आता दापोलीत टायर विकतो.
गेल्या ईदला फोनवर म्हणाला,
"चाचा, पोरीला मी तीच गोष्ट सांगतो.
खरं बोललो, तर पोलिसाने हसून सोडून दिलं.
खऱ्याला मरण नाही."
मी म्हणालो, बरं करतोस.
आता त्याच्या हातून ते खरं कशाला काढून घ्यायचं?
तसं फुकटचं नाही ते, हप्ते चालू आहेत,
महिन्याला बारा रियाल, पालशेतला,
कंपनीच्या नावाने.

भागीरथीवहिनीने एकदाच विचारलं.
"भावोजी, चूल विझली तरी वर पाणी मारायचे ते.
कुलूप लावलं की तीनदा ओढून बघायचे.
ते कसे विसरले?"

इथे मधे अरबी नव्हती.
मराठीतून मराठीतच सांगायचं होतं.
लाइनवर समुद्र खरखरत होता,
तिच्याकडचा की माझ्याकडचा, कळेना.
मी म्हणालो, वहिनी, माणूस दमतो.

"हो," ती म्हणाली.
मग बराच वेळ काहीच नाही,
फोन मात्र ठेवला नाही तिने.
शेवटी म्हणाली, "पैसे पोचले या महिन्याचे.
कंपनीला म्हणावं, पोटाला खात जा."