तिसरी नोंद

अडावदच्या केंद्रशाळेत सातवीचा वर्ग आमच्यासाठी रिकामा केलेला,
मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून एकतीस शिक्षक.
माझ्याकडे बेचाळीस स्लाइड होत्या.
अकराव्या स्लाइडपर्यंत सगळ्यांचं लक्ष होतं
असं मी अहवालात लिहिलं.

अहवाल खोटा नव्हता. पुरा नव्हता.
बाराव्या स्लाइडला लोक खिडकीतून
ट्रकमध्ये चढणारे केळीचे घड मोजायला लागले
आणि बोलता बोलता मीही मोजले,
सत्तावीस.

जेवायला वरण-बट्टी.
तुपाची वाटी फिरली, तसे वर्गात न फुटलेले प्रश्न
पंगतीत फुटले :
हे भरायचं कुणासाठी? बघणार कोण?
फोटो जिओ-टॅगचाच लागेल का?
आणि मूल रडत असेल तर तो टाकायचा का?
कोकिळा महाजन बोटांवरचं तूप पुसत म्हणाल्या,
"म्याडम, तुमचा पोर्टफोलिओ दाखवा ना एकदा."

माझ्याकडे बॅनरसमोरचे फोटो होते.
सोळा बॅनर. तोच कुर्ता चार वेळा.
कुणी काही शिकल्याची खूण
एकाही फोटोत नव्हती,
माझी तर नव्हतीच.

दुपारी प्रोजेक्टरची वायर मी काढली.
वीज होती,
तिच्यावर ढकलायची सोय नव्हती.
फळ्यावर लिहिलं : एक मूल. एक महिना. तीन नोंदी.
खाली बारीक अक्षरात : आपलं काय चुकलं.
खालची ओळ पुसा, म्हणाले बरेच जण.
मी हात धुवायला गेले
आणि मुद्दाम उशिरा आले.

महिन्यानं परत गेले.
बारा वर्षांच्या नोकरीत
परत जाण्याचा हा पहिलाच कार्यक्रम.
भत्ता नव्हता या खेपेला,
एकतीसमधले एकोणीस आले.

निंबा बाविस्कर सरांनी मोबाइल बाकावर ठेवला.
सातपुड्याच्या पायथ्याची वस्तीशाळा, इयत्ता तिसरी,
रिंकली बारेला.
पहिली ध्वनिफीत : केळीचं पान मोठं असतं.
अडखळते, पण पोचते शेवटाला.
दुसरी : पानापाशी थांबते.
मग नुसता कोंबडा.

"ही पुसू का? पोरगी मागे गेलेली दिसते."
"मध्ये काय झालं होतं, सर?"
सर बराच वेळ मोबाइलकडे बघत राहिले,
त्यात लिहिलेलं असावं तसं.
"पुढे उभं केलं होतं. सगळ्यांसमोर.
तोंडाशी मोबाइल धरून.
ऐका, मी 'हं, पुढे' म्हणतोय. चार वेळा."
आम्ही पुन्हा ऐकलं.
सहा वेळा.

कुणी हसलं नाही.
मागच्या बाकावरून कोकिळाबाई
कुणाला उद्देशून नाही, अशा बोलल्या,
"आते माले समजनं."

तिसरी नोंद सरांनी केलेली नव्हती.
मधल्या सुट्टीत मोबाइल तिच्या हाती दिला
आणि ते हापशाकडे निघून गेले, एवढंच.
वाऱ्याची घरघर, कुणाची तरी शेंबडी हाक,
आणि रिंकली, आपल्या बोलीत,
सलग, न थांबता,
पानाबद्दल सांगते आहे.
वरच्या पाच शब्दांत मावणार नाही इतकं
तिला त्या पानाचं माहीत आहे.

"काय म्हणते, सर?"
"निम्मं कळलं.
निम्मं तिला विचारायचं राहिलंय."
हेच लिहा, म्हटलं. चौकटीत तेवढी जागा नव्हती,
त्यांनी तरी लिहिलं,
शब्द तोडून, तीन ओळींत.

चोपड्याच्या एसटीत बसून
मी माझा उघडला.
नोंद पहिली :
स्लाइड बारावी. घड सत्तावीस.
दोन काड्या नेट.
गाडी सुटली
तरी फिरतंच होतं ते गोल.