अंगावर तीन

लक्ष्मीपुरीत इलाही शिकलगारच्या काट्यावर
तो चढला तेव्हा एकतीस किलो भरला,
त्यातला दोन किलो तरी पुराचा गाळ.
"गाळाचे पैसे कशाला?" मी म्हटलं.
"डॉक्टर, दात काढताना तुम्ही
किडीचं वजन वजा करता काय?"
दिले.

असे अकरा शेगडे आहेत माझ्याकडं,
राजारामपुरीत, दवाखान्यावरच्या गच्चीत,
पूर्वी कुंड्या असायच्या तिथं.
शैलजा पाहुण्यांना सांगते:
दिवसा माणसांचे जबडे, रात्री बिडाचे,
घरात तोंड उघडायचं काम माझं एकटीचं.

धुण्याचा सोडा, बादली, बॅटरीचा चार्जर.
रात्रभर बारीक बुडबुडे.
सकाळी पाण्यावर विटकरी फेस
आणि खाली काळाभोर, ओला,
नुकता अंघोळ घातलेल्या रेडकासारखा तो.
रंग निघाला तो थराथरानं:
हिरवा, त्याखाली शेंदरी, त्याखाली राखाडी,
कुठल्या मालकाला कुठला आवडला कुणास ठाऊक.
स्क्रू मात्र हटून बसलेला.
रॉकेल पाजलं, शेकलं, परत रॉकेल.
आठव्या दिवशी दांडा नखाएवढा हलला
आणि मी गच्चीत एकटाच ओरडलो.

मागच्या ऐरणीवर तीन भोकं.
कुणाचं तरी ड्रिल काम संपल्यावरही थांबलं नव्हतं.
दिवसाला वीस भोकं भरणारा माणूस मी,
हात शिवशिवले.
ही भरली नाहीत.

कुशीवर ओतीव आकडा होता: ३.
जबडा मोजला, सहा इंच.
पट्टी बदलून मोजला.
सहा.

गच्चीत जागा नव्हती म्हणून
तो खाली दवाखान्यात खिडकीपाशी ठेवला.
गुरुवारी आकाराम लोहार आले, वय ब्याऐंशी,
कवळीचं माप द्यायला.
मी गुलाबी लगदा कालवला, ट्रे बसवला, म्हटलं,
तीन मिनिटं, बोलायचं नाही.
आणि त्यांचे डोळे खिडकीकडं गेले.

हात वर. तीन बोटं.
मग हात उलटा केला. पुन्हा तीन.
मला वाटलं गुदमरले.
ट्रे काढायला गेलो तर मनगट धरलं माझं,
सोडलं नाही,
माप बिघडू नये एवढी समज त्या पकडीत होती.

लगदा निघाला. लाळ पुसत म्हणाले,
"त्यो आकडा म्या ठोकलाय."
उद्यमनगरात, पंधराव्या वर्षी,
लाकडी फर्म्यावर आकडे खिळवायचं काम.
"मेस्त्री म्हनला, वाळूत समदं उलटं पडतंय.
म्हटलं, मग आपुनच आदी उलटं ठोकूया.
सहाचं तीन झालं.
वाळूतनं परत लोखंडात उलटतंय,
दोनदा उलटतंय,
ते कुनी सांगिटलंच न्हाई."

माझ्या हातात त्यांच्या हिरड्यांचा साचा, उलटा,
अजून कोमट.

"मग मेस्त्रीनं मारलं?"
"बावीस ओतून झाल्यावर कळलं. काय मारतोय?
तीनाच्या नावानं सहाचं काम करतंय,
गिऱ्हाईक कशाला बोंबलंल?"

उठून शेगड्यापाशी गेले.
माझ्या तारखांच्या कार्डाची पट्टी फाडली,
जबड्यात धरली, दांडा फिरवला, ओढली.
उजवीकडं तुटली.
डावीकडं अलगद निघून आली.
"डाव्या अंगाला ढिल्लं हाय," म्हणाले.

तीन महिने घासत होतो मी त्याला.

पुढच्या मंगळवारी कवळी बसवली.
दातांमध्ये निळा कागद ठेवला, म्हटलं, चावा.
ओढला.
उजवीकडं घट्ट.
डावीकडं अलगद निघून आला.
आकाराम माझ्याकडं बघत होते,
तोंड मिटून,
नव्या कोऱ्या दातांनी काहीतरी दाबून धरल्यासारखे.