एकशे त्रेचाळीस पायऱ्या

लिफ्ट बंद नाही, मोतालिब,
मीच बंद केलीय, माझ्यापुरती.
रोज विचारतो, रोज सांगते,
आणि तो रोज मान हलवतो
मत्र्याच्या या जुन्या इमारतीचा रखवालदार,
सिस्टरचं काहीतरी बिनसलंय अशी.

हातात पाच लिटरचा कॅन, पायांत ड्युटीचेच बूट.
मजल्याला एकोणीस पायऱ्या,
पाच मजले आणि वर गच्ची :
एकशे चौदा.
आमच्या घराची पाखाडी एकशे त्रेचाळीस.
जांभ्याची, शेवाळलेली,
मधली एक पायरी तर गुडघाभर उंच,
कोणी का घडवली तशी, कुणालाच ठाऊक नाही.
उरलेल्या एकोणतीस
मी खाली येऊन पुन्हा चढते.
हिशेब म्हणजे हिशेब.

दादा फोनवर म्हणतो, चिपळुणात फ्लॅट घे,
लिफ्ट आहे, समोर दवाखाना आहे.
मी म्हणते, बघू.
बघू म्हणजे नाही,
हे त्याला साठ वर्षांत कळलेलं नाही.

एकतीस वर्षं मी लोकांच्या शिरा शोधल्या.
मूठ आवळा. आता सोडा. झालं.
बोटीवरचे खलाशी, बाळंतिणी,
सुईकडे न बघणारे धिप्पाड पोलीस.
परवा झुलेखानं माझी शोधली,
मीच तयार केलेली पोर, जूनपासून माझ्या खुर्चीत बसेल.
मूठ आवळा, म्हणाली,
अगदी माझ्याच आवाजात,
आणि पहिल्याच टोचणीत मिळवली.
बरं वाटलं. थोडं वाईटही.

साखर काठावर.
ड जीवनसत्त्व : अकरा.
बाहेर सेहेचाळीस अंशांचं ऊन ओततंय
आणि माझ्या हाडांत उन्हाचा दुष्काळ!
एसीतून एसीत गेलं की असं होतं, डॉक्टर म्हणाले.
म्हणून आता फजरच्या बांगेनंतर कॉर्निशवर,
बाह्या कोपरापर्यंत दुमडून,
वाळत घातलेल्या मासळीसारखी
मी अर्धा तास उन्हात.

शुक्रवारी वही.
एक्स्चेंजवाल्यांनी फुकट दिलेली,
पानापानावर हसरं कुटुंब.
ग्रॅच्युइटी. पोस्टातले. बांगड्या चार.
भिशीचे, सुमनताईंनी वेळेवर दिले तर.
दुसऱ्या बाजूला : कौलं, विहिरीचा पंप,
वरचे दात, खालचे दात,
आजारपणाचा विमा (गुडघे सोडून).
दादाला दिलेले साडेचार हजार रियाल
पेन्सिलीनं लिहिलेत.
बेरजेत धरत नाही.
खोडतही नाही.

मग एक रिकामी चौकट येते :
किती वर्षं पुरवायचे?
गणिताला तो आकडा लागतोच.
आई एक्याण्णव. आत्या त्रेसष्टला, अंगणात, बसल्या बसल्या.
मी सत्याऐंशी लिहिले.
हावरट दिसले, खोडले.
चहा केला.
पुन्हा सत्याऐंशी लिहिले, शाईनं.

रिकामं बसण्याचाही सराव चालू आहे.
सतरंजीवर मांडी घालून,
फोन दुसऱ्या खोलीत, घड्याळ उलटं.
पहिल्या दिवशी सात मिनिटं,
मग उठून सगळी भांडी पुन्हा घासली.
आता वीसपर्यंत जाते.
उठताना पलंगाला धरावं लागतं.
त्यावरही काम चालू आहे.

आज मोतालिब मागोमाग गच्चीवर आला,
धापा टाकत, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान.
खाली बंदर, लाकडी जहाजं,
भोवती भाजलेल्या विटांसारखे बोडके डोंगर.
त्याचा गाव सपाट, म्हणाला, चढायला काहीच नाही,
पूर आला की लोक झाडावर चढतात, तेवढंच.
मग कॅनकडे बघून :
सिस्टर, पाणी वर कशाला आणता?
टाकी तर इथेच आहे.

मी हसले.
कुणीतरी डब्यात लावलेल्या कढीलिंबाला
थोडं ओतलं.
बाकीचं खाली घेऊन निघाले,
सावकाश, कठड्याला हात न लावता.
उतरताना गुडघे जास्त बोलतात.