एक गट्टू कमी

रिटायर झाल्यावर फंडातून
कोणी मोटारसायकल घेतो, कोणी बायकोला तीर्थाला नेतो.
मी दिग्रस रोडच्या कारखान्यातून
सातशे गट्टू आणले,
कोपरे उडालेले, परत आलेला माल,
लाल, राखाडी, अन् थोडे पिवळे
जे कोणत्या शाळेसाठी पाडले होते कोण जाणे.

सांदवाडी आमची म्हणजे
भांडी घासायचा दगड, पुढं बारमाही चिखल,
चिखलात अळू, अळूत बेडूक,
एक निंब, एक सीताफळ,
अन् भिंतीपलीकडं पुंजाराम,
ज्याच्याशी मी अकरा वर्षं बोललो नाही
सहा इंचांसाठी.

कौतिका म्हणाली, घालून राह्यले तर घाला.
पण वैशाखात इथं पाय कोण ठेवील?
कोंबड्यासुद्धा उड्या मारत जातील.
मी म्हणालो, निंब आहे ना.
ती म्हणाली, निंब दुपारपर्यंतच आपला असतो,
मग सावली पुंजारामभाऊकडं जाते.
भाऊ म्हणाली ती.
मी ऐकलं नाही असं दाखवलं.

लच्छू कुमरे मिस्त्री आला,
सोबत त्याची पोरगी, लेव्हलची नळी धरायला.
एका टोकाला ती, एका टोकाला तो,
मधलं पाणी ठरवत होतं
कोणता कोपरा उंच, कोणता खाली.
मोरीकडं दोन बोटं उतार.
खाली मुरूम, मुरुमावर चुरी,
चुरीवर गट्टू, रबरी हातोड्यानं ठोकत एकेक.
आवाजावरून त्याले कळे
भरीव बसला का पोकळ.

निंबाच्या बुडाशी येऊन तो थांबला.
"साहेब, इथं काय पुरून ठेवलं?"
अर्थिंगचा खड्डा. मीठ, कोळसा, तांब्याची पट्टी.
घरात मीटर आलं त्या वर्षी
मीच खांदला होता.
"झाकून टाकू?"

नाही.
चौतीस वर्षं खांबावर चढलो, उतरलो,
बोर्डानं दिलेले हातमोजे फाटले, शिवले, पुन्हा फाटले,
शिकलो ते एवढंच,
की आलेल्या झटक्याले जमिनीत जायला
ओली जागा लागते.
तिथला गट्टू लावू नको लच्छू.
उन्हाळाभर मी तांब्याभर पाणी टाकत जाईन.

उरलेल्या गट्टूंची आगटी करायची होती,
गुडघ्याएवढी, गोल, भोवती बसता येईल अशी.
"गट्टू जाळात फुटते साहेब,"
लच्छूची पोरगीच बोलली आधी.
मग आतून भाजक्या विटा, चिकणमातीचा गिलावा,
बाहेरून गट्टू, नुसते शोभेले.
पिवळे सगळे तिनं पुढच्या बाजूला लावले.
मी सांगितलं नव्हतं.

पौषात पहिला जाळ केला.
गोवऱ्या रचल्या, रोडग्यांची कणीक तिंबून तयार,
वांग्याच्या भाजीवर तेल आलेलं,
अन् पेटवायला पऱ्हाटी.
वारा कोणत्या अंगाचा
हे खांबावर असताना मी आधी पाहायचो.
जमिनीवर विसरलो.
धूर निंबात शिरला, खाली वाकला,
अन् सरळ भिंतीपलीकडं गेला.

तिकडं खोकला.
बाजेचा कर्रकन आवाज.
मी उत्तरं तयार ठेवली,
अकरा वर्षांची साठवलेली, मोजणीच्या नकाशासकट.

भिंतीवर फक्त टोपी दिसली, अन् दोन डोळे.
"पऱ्हाटी ओली हाय लेका.
तुराटी लाव."
मग तुराट्यांची एक पेंढी भिंतीवरून आली
अन् नव्या गट्टूंवर पडली, धप्पकन,
भरीव.

जाळ धरला.
कौतिकानं राखेत पुरायले चार रोडगे जास्तीचे वळले.
मला विचारलं नाही.
मी उठलो, तांब्या भरला,
निंबाखालच्या त्या उघड्या जागेत ओतला.

हिवाळ्यात खरं म्हणजे
त्याची गरज नसते.