चव्वेचाळीस दिवस

सुरमे, पहिल्या वर्षी तू तोंड फिरवलंस ते बरोबरच होतं.
ड्रम उघडला तेव्हा यादोरावांनीही फिरवलं होतं.
नुसतं हत्तीगवत, माणसाहून उंच,
पाण्यानं टच्च भरलेलं,
कापलं त्याच दुपारी कोंबून मोकळे झालो,
आणि दर रविवारी झाकण उचलून मी बघायची,
झालं का, झालं का.
काळं झालं. ओल्या चपलेसारखा वास सुटला.
शेवटी उकिरड्यानंच जेवून घेतलं.

टेंभुर्ण्यांची अस्मिता, सेमिनरी हिल्सच्या कॉलेजात शिकणारी,
हिरव्या गवताची एक पेंढी पिशवीत घालून घेऊन गेली.
आठवड्यानं फोन आला:
काकू, तुमच्या गवतात पोट भरण्यासारखं पुष्कळ आहे,
दूध होण्यासारखं कमी.
एकटं आहे ते. त्याला सोबत द्या.

सोबत.
मी धुऱ्यावर गेले, कोण कोण रिकामं बसलंय बघायला.
सुबाभूळ होती, कुणीच न लावलेली,
नाल्यापासून विहिरीपर्यंत स्वतःच चालत आलेली;
यादोराव दर उन्हाळ्यात तिला तोडायचे,
ती दर पावसात त्यांना वाकुल्या दाखवायची.
मुंगना होता, शेंगांपुरताच ओळखीचा.
बरबटीचे वेल होते, शेंगा तोडून झाल्यावर
वावरात कुणी नाव न घेतलेले.

तीन टोपल्या गवत, एक टोपली पाला.
सुबाभळीवर हात आवरा, अस्मिता म्हणाली,
फार झाली तर जनावराचे केस झडतात.
तुझ्या कपाळावरचा पांढरा टिळा आठवला मला.
आवरला.

पोळ्याला कापणी केली.
गोरेवाड्याच्या पुढं, सडकेला लागून, बैलांच्या झुली चालल्या होत्या;
तू दावणीला उभी, तलवारीसारखी शिंगं मागं टाकून.
म्हशीचा सण कुणी ठरवलाच नाही.
त्या दिवशी कधी नव्हे ते ऊन पडलं,
मी गवत पसरलं आणि म्हटलं, हाच तुझा सण समज.

दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघाली.
इकडं आमचा पियुष ड्रमात उतरून नाचत होता,
थर, गुळाचं पाणी, थर, गुळाचं पाणी,
टाचा आपट, कडेनं आपट,
घेऊन जा गे मारबत,
ड्रमातली सगळी हवा घेऊन जा!
मग झाकण, मग चिखल, मग पाटा.
आईचा पाटा तो. मिक्सर आल्यापासून
त्याला तरी काय काम होतं.

पितरांच्या पंधरवड्यात झाकणावर कावळा बसला.
यादोराव म्हणाले, जरा उघडून बघू का?
मी त्यांचा हात धरला, भर अंगणात, शेजारीण बघत असताना.
एकवीस वर्षांत पहिल्यांदा.
नवरात्रात घट उगवले,
ड्रम मात्र गप्प.
आत काय चाललंय ते त्याचं त्याला ठाऊक,
गवत, पाला, गूळ, अंधार.
नव्या सुनेला लोक पहिल्या महिन्यात
किती वेळा विचारतात, रुळलीस का?
मी नाही विचारलं.

कोजागिरीला उघडला.
पंचेचाळीस सांगितले होते, एक दिवस कमी पडला,
तेवढं मला माफ कर.
आंबिलीचा वास. रंग मुरलेल्या मिरचीचा.
तू हुंगलंस, शिंकलीस,
माझ्याकडे असं पाहिलंस की मी पुन्हा फसवतेय,
आणि मग गव्हाणीच्या तळाशी
तुझी जीभ खरखरत राहिली बराच वेळ.

लोक विचारतात, दूध वाढलं का?
त्या रात्री नाही.
एका घासानं कुणाचं काय होतं?
माघापर्यंत ढेपीच्या दुकानदारानं मात्र विचारलं,
काकू, म्हैस विकली का तुम्ही?

यादोराव सुबाभूळ अजून तोडतात.
शिव्या नाहीत, फांद्या मोजून.

एक ड्रम मे महिन्यासाठी ठेवलाय.
त्याच्याकडे मी बघतसुद्धा नाही.
खोटं बोलले.
बघते. उघडत नाही.