सिनेमागृहापासून डावीकडे

सांतियागोची रात्रीची बस सोडली
आणि वाल्दिवियाच्या पुलावरच
उजव्या बुटाचा तळ जबडा वासून मोकळा.
फटक् फटक् करत मासळीबाजार ओलांडला.
नेल्दा आन्तिलेफ, हातभर खवल्यांची बाई,
माशांची डोकी न बघताच मागे भिरकावत होती
आणि मागे कठड्याशी सी-लायन
उधारीच्या गिऱ्हाइकांसारखे
एकमेकांना ढुशा देत होते.
“बूट शिवणारा?”
तिनं सुरीनंच गल्ली दाखवली.

एलिओदोरो ओयार्सुनचं दुकान एवढंसं,
की गिऱ्हाइकाचा एक पाय रस्त्यातच राहतो.
दोऱ्याला मेण लावता लावता म्हणाला, कुठं जायचंय?
कुठंच नाही. गाव बघतोय. नदीकडेनं, पायी.
“मग असं करा.
सिनेमागृहापासून डावीकडे.
बेकरीचा वास आला की उजवीकडे.
पुढे सरळ, कुंपण लागेपर्यंत.
तिथं माझ्या मामाची सफरचंदाची बाग.”

सिनेमागृहाच्या जागी औषधांचं दुकान होतं.
बेकरीच्या जागी गाड्या उभ्या,
वास फक्त ओल्या सरपणाचा.
तरी वळलो.
इतक्या खात्रीनं कुणी सांगितलं
की वळावंच लागतं.

पत्र्यानं मढवलेली घरं, एका खिडकीत लोकरीच्या लडी,
एक कुत्रं माझ्यापुढे, पत्ता ठाऊक असल्यासारखं.
आणि रस्ता
संपला नाही, नुसता पाण्यात उतरला.
फरशी दोन-तीन पावलं खाली दिसत होती,
मग लव्हाळी,
मग काळ्या मानेचे हंस,
कुणाच्या तरी बागेत संध्याकाळी फिरावं तसे.

साठ सालच्या भूकंपात इथली जमीन
पुरुषभर खाली बसली.
शाळेत हे मी लिहिलं होतं.
त्याचे गुणही मिळाले होते.

परतलो तर तो फळ्या लावत होता.
माझ्या बुटांकडे पाहिलं. घोट्यापर्यंत काळा चिखल.
“म्हणजे पोचलात.”
हो.
“झाडं दिसली?”
पाणी होतं, म्हटलं. हंस होते.
तो आत गेला. भरती-ओहोटीच्या तक्त्यावर
मेणकट बोट फिरवत राहिला.
“उद्या सकाळी सहाला जा. खोडं वर येतात.
डावीकडून तिसरं माझं.
मामानं वाढदिवसाला दिलेलं,”
आणि कुलूप ओढून बघत,
“अजून परत मागितलेलं नाही.”