मुंग्या

तूरिनच्या काचेच्या स्टुडिओत
डेल्फीना राव्हेत्तो अकरा वेळा मेली.
दोनदा बर्फात, म्हणजे पिठामिठात,
एकदा बग्गीखाली,
बाकी सगळ्या वेळा क्षयानं,
आणि दर वेळी मुलगा म्हणून.
ज्या पोराला घ्यायचं ठरलं होतं त्याला गोवर निघाला,
आणि कपडेपटात शिवणाऱ्या बाईची मुलगी
नेमकी त्याच्या मापाची निघाली.

केस कापले. नाव ठेवलं नीनो.
तोंडाला पिवळी पावडर. ओठांना लाल लावायचं नाही,
लाल पडद्यावर काळं दिसतं.
दिवसाचे चार लिरा आई मोजून घ्यायची.

"रड," दिग्दर्शक भोंग्यातून ओरडायचा,
"तुझा कुत्रा मेलाय समज!"
कुत्रा कुठला?
एक कोंबडी होती, ईस्टरला कापलेली.
तिच्यावर तिनं पाच वर्षं भागवलं.

शेवटचं मरण सगळ्यांत गाजलं.
उशीवर डोकं, ओठ हलतात,
मग काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं:
आई, मला देवदूत दिसतायत.
मिलानोत म्हणे पियानोवाल्याचे हात थांबले.

मग ती वीतभर वाढली.
छातीला पट्टी आवळून अजून एक चित्रपट झाला,
पुढे कुणी बोलावलं नाही.

कंगव्यांच्या कारखान्यात लागली.
जुन्या फिल्म तिथं पोत्यांनी यायच्या,
खरवडायच्या, धुवायच्या, वितळवायच्या.
उजेडाला धरून तिनं एकदाच पाहिलं.
कुणाचा तरी घोडा होता.

एकतीस साली, ट्राममध्ये,
सुट्ट्या पैशांवरून ती कंडक्टरशी भांडत होती.
समोरचा माणूस तिच्या तोंडाकडेच बघत राहिला.
हातांना चांभारकामाचा डिंक.
त्यानं तिकिटामागे लिहिलं: नीनो?

ती आधी नाही म्हणाली.
मग मान हलवली.

त्यानं दुसरं तिकीट मागून घेतलं, बारीक अक्षरात लिहिलं:
आमच्या बहिऱ्यांच्या शाळेत तो चित्रपट तीनदा दाखवला.
मास्तर रडायचे. आम्ही पोरं लोळून हसायचो.
तुम्ही मरताना म्हणता, तेही घरच्या बोलीत,
पायाला मुंग्या आल्यात, आटपा की लवकर.

डेल्फीना एवढ्यानं हसली
की अख्खी ट्राम वळून बघायला लागली.
त्याला माना वळलेल्या तेवढ्या दिसल्या.
तिचा थांबा मागे गेला,
आणि तो तसाच पेन्सिल धरून,
तिच्या ओठांकडे बघत,
अजून काही म्हणतेय का.